कारण विचारणारे फेगडे सर

फेगडे सरांच्या तासाला उशिरा जाण्यापेक्षा न गेलेलं बरं, असं आमच्या शाळेतल्या पोरांचं ठाम मत होतं. सर मारत नसत, ओरडतही नसत. दारात अंग चोरून उभ्या राहिलेल्या मुलाकडे चष्म्यावरून बघायचे आणि एकच शब्द विचारायचे, "कारण?"

मुलगा म्हणायचा, सायकल पंक्चर झाली. "पंक्चरचं कारण?" खिळा. "भर रस्त्यात खिळा पडण्याचं कारण?" आता मुलगा काय सांगणार? मग सगळा वर्ग त्या खिळ्याच्या मागे लागायचा. कुणी म्हणे सुताराच्या दुकानासमोर पडला असेल, कुणी म्हणे मंडपवाल्याच्या टेम्पोतून. मंडप कुणाचा, कशाचा, हे शोधता शोधता निम्मा तास जायचा आणि शेवटी सर गंभीरपणे सांगायचे, "म्हणजे तुझ्या उशिराचं कारण बाजारपेठेतलं लग्न. बस खाली." मुलं हसून बेजार व्हायची. धडा राहून जायचा तो राहूनच जायचा. मुख्याध्यापक चिडायचे, पण सरांची मुलं विज्ञानात कधी मागे पडली नाहीत, त्यामुळे त्यांनाही फार बोलता येत नसे.

चोपड्याच्या त्या शाळेत सर विज्ञान शिकवायचे आणि मी मराठी. शिवाय कॉलनीत आमच्या घरांची भिंत एकच. म्हणजे दिवसभर शाळेत त्यांचं ऐकायचं आणि संध्याकाळी भिंतीपलीकडूनही तेच ऐकायचं, अशी माझी दुहेरी शिक्षा होती. मी त्यांना तोंडावर म्हणायची, "सर, तुम्ही शिक्षक कसे झालात? फौजदार व्हायचं सोडून!" त्यावर ते विचारात पडायचे. खरंच विचारात पडायचे, आणि मग मला सांगायचे की फौजदार गुन्हेगार सापडला की थांबतो, आपण थांबत नाही.

उंच, किंचित वाकलेले, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. शर्टाच्या खिशाला कायम खडूची पूड, कारण उरलेला तुकडा टाकून न देता खिशात टाकायची सवय. चहा बशीत ओतला की लगेच प्यायचे नाहीत. त्यावर साय कशी धरते ते बघत बसायचे. तोवर चहा थंड व्हायचा आणि मग शिपायाला म्हणायचे, "जरा गरम करून आण रे." शाळेत बोलायचे ते छापील पुस्तकासारखं. शाळेचं फाटक ओलांडून घरी आले की मात्र यावल तालुक्यातली त्यांची गावाकडची बोली सुरू व्हायची. भिंतीपलीकडून "काय करू राहिली व, सिंधू?" असा आवाज आला की मी ओळखायची, सर घरी पोचले.

सिंधूवहिनी म्हणजे त्यांची बायको. सगळ्या गावात ही एकच व्यक्ती अशी होती की जिच्यापुढे सरांचा तो प्रश्न चालत नसे. भाजीत मीठ जास्त पडलं, सर विचारायचे, "कारण?" वहिनी म्हणायच्या, "माझा हात." झालं. पुढे विचारायला जागाच नाही. केळीवाल्या शेतकऱ्याच्या घरात वाढलेली बाई. बागेत वाकून वाकून कमावलेली अंगकाठी, आणि स्वभाव असा की कुणाच्या घरी काही कार्य असलं की बोलावणं पोचायच्या आत या पदर खोचून पोळपाटाशी हजर. कॉलनीतल्या प्रत्येक बाळाला जन्मानंतरची पहिली अंघोळ त्यांनीच घातलेली. माझ्या मुलालासुद्धा. पाय लांब करून बसायच्या, त्या पायांवर बाळ उपडं घालायच्या, आणि ते रडायला लागलं की त्याच्याशी असं काही भांडायच्या की ते बिचारं बावरून गप्प व्हायचं.

सरांचे थोरले भाऊ, बापू, गावी शेती बघायचे. दोघं भाऊ एका ताटात जेवतील इतकी माया, आणि दोघांचं एका गोष्टीवर पटेल तर शपथ. थंडीच्या दिवसांत बापूंच्या केळीच्या बागेत भरीत पार्टी व्हायची. आमच्याकडे थंडी पडली म्हणजे भरीत होणारच, त्यात नवल नाही. नवल सरांचं. एका वर्षी त्यांच्या मनात आलं की कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचं भरीत गॅसवरच्यापेक्षा चांगलं का लागतं याचा छडा लावायचा. एकाच झाडाची वांगी घेतली. काही पऱ्हाट्यांवर भाजली, काही कोळशावर, काहींसाठी शेतात गॅसची शेगडी वाहून आणली. सगळी वेगवेगळी ठेचली, मिरची-लसूण-कांद्याची पात मोजून सारखी घातली. मग बापूंच्या डोळ्यांवर उपरणं बांधून त्यांना एकेक घास भरवला. आम्ही पंधरा-वीस माणसं पुऱ्या हातात धरून ताटकळत उभी. बापूंनी तिन्ही घास खाल्ले, उपरणं काढलं आणि म्हणाले, "तिन्ही चांगले आहे. आता मले पुऱ्या दे अन् बाजूला हो." सरांचा प्रयोग तिथेच संपला. तोंडी लावायला मात्र तो विषय आम्हाला वर्षभर पुरला.

हे बापू म्हणजे सरांच्या आयुष्यातली मोठी अडचण होती. दरवर्षी आठवी-नववीच्या मुलांना सर तंबाखूवरचा धडा शिकवायचे. पुस्तकात दोन परिच्छेद असतील, सर त्यावर तीन दिवस घ्यायचे. आपल्याकडे टपरीवर काय काय मिळतं आणि कोणत्या वयाची पोरं तिथे उभी असतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास विचारायचं, "सर, मग तुमचे बापू?" कारण बापू महिन्यातून एकदा बाजाराला आले की शाळेच्या फाटकाशी थांबून भावाला भेटून जायचे, आणि गालफडात तंबाखूचा बार भरलेला असायचा. वय झालेलं, दात शाबूत, आवाज खणखणीत. सरांच्या तीन दिवसांच्या मेहनतीवर एका भेटीत पाणी.

सरांचं उत्तर मला पाठ आहे. ते म्हणायचे, "हायवेच्या मधून चालणारा प्रत्येक माणूस गाडीखाली येतो का? नाही येत. म्हणून मधून चालायचं का? बापू मधून चालतायत आणि अजून वाचलेत, एवढंच." हे ते बापूंच्या तोंडावरही म्हणायचे. बापू पिंक टाकून हसायचे. "मुरली, तू कडेकडेनं चाल. मी पाहू राहिलो तुले."

कडेकडेने चालणाऱ्या घरातच ती गाडी घुसली, तेव्हा सरांना निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते. वहिनींना छातीत डावीकडे गाठ लागली. अंगावर काढण्याचा स्वभाव, पण नशीब की या खेपेला त्यांनी मला सांगितलं आणि मी त्यांच्या देखत सरांना हाक मारली. तपासण्या झाल्या. कॅन्सर निघाला. धुळ्याच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया ठरली, कारण तिथे डॉक्टर वैशाली होती. वैशाली आमचीच विद्यार्थिनी, सरांच्या वर्गात पुढच्या बाकावर बसणारी, सरांनी "कारण?" म्हटलं की सगळ्यात आधी हात वर करणारी. तिने डावा स्तन काढावा लागेल असं स्पष्ट सांगितलं, आणि लवकर आलात, बऱ्या व्हाल, हेही तितकंच स्पष्ट सांगितलं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी बापू धुळ्याला आले होते. दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली बसून हा एवढा मोठा माणूस ढसाढसा रडला. "खाल्लं मी अन् झालं तिले. हा कोणता न्याय, मुरली?" सर वर्गात असते तर त्यांनी ओळीने चार उत्तरं दिली असती. त्या दिवशी त्यांनी फक्त भावाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

वहिनी घरी आल्या आणि बघायला येणाऱ्यांची रांग लागली. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला मोकळ्या हाताने जात नाहीत. प्रत्येकाच्या हातात सफरचंदं आणि प्रत्येकाच्या तोंडी एक कारण. कुणी म्हणालं, मागच्या गल्लीतला मोबाईलचा टॉवर. कुणी म्हणालं, फ्रिजमधली भिजवलेली कणीक. एक बाई व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओच दाखवायला लागल्या, त्यात म्हणे प्लॅस्टिकच्या डब्यातलं लोणचं. अमळनेरहून आलेल्या एका आतेसासूबाईंनी तर वहिनींच्याच पलंगावर बसून उसासा सोडला, "काय केलं असशील माय, गेल्या जलमी!" मला असा संताप आला की मी त्यांच्यासाठी ठेवलेला चहा परत ओट्यावर नेऊन ठेवला.

पण या सगळ्यांपेक्षा वाईट वागले ते आमचे सर. हे मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं. प्रेमापोटीच वागले, पण वाईटच वागले. त्यांना कारण हवं होतं. ॲल्युमिनियमची भांडी त्यांनी भंगारात दिली. बोअरचं पाणी बाटलीत भरून जळगावला तपासायला पाठवलं, ते स्वच्छ निघालं तर पुन्हा पाठवलं. गावी जाऊन बापूंना गेल्या इतक्या वर्षांत केळीवर काय काय फवारलं ते विचारून भंडावलं. आणि मग मोर्चा वहिनींकडे वळला. केमो घेऊन बाई अर्धमेली पडलेली, तोंडाला चव नाही, डोक्यावर केस नाहीत, आणि हे खुर्ची ओढून शेजारी. लग्नाआधी फवारणीच्या वेळी तू बागेत असायची का? चुलीचा धूर किती वर्षं? पोरीला दूध किती महिने पाजलं? तुझ्या आजीला काय झालं होतं, नीट आठवून सांग.

एक दिवस मी पेज घेऊन गेले होते तेव्हा हे चाललं होतं. वहिनींनी डोळे उघडले आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही मले विचारू राहिले का कोर्टात उभी करू राहिले?"

सर म्हणाले, "अगं, कारण सापडलं पाहिजे ना."

"म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असंन."

त्यांनी कूस बदलली. सर खुर्चीत तसेच बसून राहिले. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना, म्हणून मी पेज झाकून ठेवली आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर एकटेच अमळनेरवरून जाणाऱ्या बसने धुळ्याला गेले. पुढचं मला वैशालीने नंतर सांगितलं. सर तिच्या केबिनमध्ये बसले आणि म्हणाले, "वैशाली, खरं सांग. कारण?" ती म्हणते, मला पुन्हा नववीत गेल्यासारखं झालं. पण तिने खरं तेच सांगितलं. शरीरातल्या पेशी जन्मभर आपली नक्कल काढत असतात. एवढ्या नकला, त्यात चुका होणारच. बहुतेक चुका शरीर दुरुस्त करतं, नाहीतर ती पेशीच मोडीत काढतं. कधीतरी एकाच पेशीत चुकांवर चुका साठत जातात आणि ती नजरेतून सुटते. तंबाखूने चुका वाढतात, इतरही काही गोष्टींनी वाढतात, काही घराण्यांत त्या वारशाने येतात. म्हणून जपायचं. पण सगळं जपणाऱ्या माणसालाही ती चूक गाठू शकते आणि काहीच न जपणारा सुटू शकतो. "तुमच्या घरी वारशाची खूण दिसत नाही, सर. काकूंचं काही चुकलं नाही. तुमचंही नाही. याहून पुढचं कारण माझ्याकडे नाही."

सरांनी विचारलं, "नक्की?"

ती म्हणाली, "नक्की, सर. मी तुमचीच विद्यार्थिनी आहे. असतं तर शोधलं असतं."

संध्याकाळी सर परत आले, चपला काढल्या, हातपाय धुतले आणि वहिनींच्या उशाशी बसून त्यांनी हे सगळं त्यांना सांगितलं. छापील भाषेत नाही, घरच्या बोलीत. भिंतीपलीकडे मला शब्द कळत होते. शेवटी म्हणाले, "तुझं काहीच चुकलं नाही, सिंधू. मी उगाच तुले छळलं." त्यानंतर त्या घरातून "कारण?" ऐकू येईना. मला चुकल्या चुकल्यासारखं व्हायला लागलं, इतकं की एकदा मीच मुद्दाम त्यांना विचारलं, "सर, तुमच्याकडची लाईट गेलीय, आमच्याकडे आहे. कारण?" ते हसले आणि म्हणाले, "येईल की."

वहिनींच्या मनातून दोष गेला, पण भीती राहिली. ती कुणाच्या लक्षातच आली नव्हती. केमो संपली, केस पुन्हा उगवायला लागले, डॉक्टरीणबाईंनी आता नेहमीसारखं वागा म्हणून सांगितलं. तरी वहिनी आमच्या घरच्या पोळ्या लाटायला येईनात. हळदीकुंकवाला आल्या तर दाराशीच बसायच्या. माझ्या नातवाला उचलून त्यांच्याकडे दिलं तर हात मागे घ्यायच्या. मला वाटलं थकवा असेल.

मग त्यांच्या लेकीचा, पल्लवीचा, नाशिकहून फोन आला. सातवा महिना होता तिला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पोर आनंदाने विचारत होती, कधी येऊ? वहिनींनी सांगितलं, "येऊ नको. तुझ्या सासूबाईंनाच सांग करायला." पल्लवी तिकडे रडायला लागली. तिला वाटलं, आईच्या अंगात त्राण नाही म्हणून. तिने सासूबाईंना बरोबर आणते म्हटलं, बाई लावू म्हटलं. वहिनी नाहीच म्हणाल्या.

त्या रात्री सर जेवले नाहीत, हे मला सकाळी कळलं. मी जाऊन वहिनींना सरळच विचारलं. आधी टाळत राहिल्या, मग बोलल्या. "ताई, बागेत हरण्या आला का आपण काय करतो? ते झाड उपटतो अन् पुरून टाकतो. बाजूच्या झाडाले लागू नये म्हणून. मी लहानपणापासून हेच करत आली. आता माझ्या अंगात असं निघालं अन् मी त्या कोवळ्या जिवाले मांडीवर घेऊ? मले नाही होणार ते."

केळीच्या मुलखात हरण्या म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. पानांवर पिवळे पट्टे पडतात, मधल्या कोवळ्या पानाचा पोंगा सडतो, आणि मावा नावाची कीड या झाडावरून त्या झाडावर तो रोग घेऊन जातो. एका झाडाची दया केली की बाग गेली. वहिनींनी आपला आजार त्याच हिशेबात बसवला होता आणि स्वतःला मनातून उपटून बाजूला ठेवलं होतं. हा लागट रोग नाही, हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, सरांनीही. पण डोळ्यांनी पाहिलेल्यापुढे कानांनी ऐकलेलं कितीसं टिकणार? मी सरांना जाऊन हे सांगितलं. ते मग म्हणाले, "उद्या बापूंकडे केळीची कटाई आहे. तुम्हीही चला, ताई. तुम्ही आलात तर ती येईल."

गेलो. बापूंची बाग ऐन भरात होती. एकेक घड असा की झाडाला टेकू दिलेला. मजूर घड उतरवत होते, केळीच्या पानांवर फण्या मांडल्या जात होत्या, सगळीकडे चिकाचा तो ओला वास. वहिनींचा चेहरा बागेत शिरल्याबरोबर उजळला. किती महिन्यांनी आल्या होत्या त्या. ओळींमधून चालत चालत सर आम्हाला आतल्या बाजूला घेऊन गेले आणि एका झाडापाशी थांबले. ते झाड मात्र विचित्रच. कमरेएवढं राहिलेलं, पानं अरुंद आणि एकमेकांत गुंतलेली, घड नाहीच.

सरांनी विचारलं, "याले हरण्या म्हणशील का, सिंधू?"

वहिनींनी वाकून पान उलटंपालटं केलं. बोटाने पोंगा चाचपला. "छे. हरण्याचं पान असं नसते. हे निराळंच आहे. हे मुळातच असं निघालं."

"रोपं तर सगळी एकाच ठिकाणची. टिश्यूची, लॅबमध्ये एका झाडाच्या तुकड्यातून वाढवलेली. एकाच आईची लेकरं."

"असली म्हणून काय झालं? रोपं करतानीच बिघडते एखांदं."

"अन् हे बाजूचं? याले काय झालं?"

वहिनींनी बाजूच्या झाडाकडे पाहिलं. "त्याले काय धाड भरली? केवढा घड टाकला त्यानं!"

"अन् पलीकडचं?"

"तेही चांगलं आहे. अहो, याचं त्याले लागत नाही कधी..." आणि त्या बोलता बोलता थांबल्या.

सर हळू आवाजात म्हणाले, "एकाचे दोन, दोनाचे चार करतानी नक्कल चुकली, एवढंच झालं यात. तुझ्या अंगात तसंच झालं. हरण्या नाही झाला तुले."

तेवढ्यात बापू मागून आले. त्यांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं. म्हणाले, "हे उपटायचं राहून गेलं पाहा यंदा." सरांच्या तोंडून सवयीनेच निघून गेलं, "हे असं निघण्याचं कारण, बापू?" बापू खांदे उडवून म्हणाले, "आता मले काय ठाऊक? निघते एखांदं." मी सरांकडे पाहत होते. आता पुढचा प्रश्न येणार, मग त्याच्या पुढचा. पण सर म्हणाले, "हो. निघते एखांदं." आणि खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायला लागले.

वहिनी त्या मोठ्या घडाच्या झाडाला हात लावून उभ्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "पल्लवीले फोन लावा." सरांनी तिथेच लावला. बागेत रेंज नीट नव्हती, आवाज तुटत होता. वहिनी ओरडून ओरडून सांगत होत्या, "ये व माय! लवकर ये! अन् जुन्या मऊ साड्या मी काढून ठेवते, तू काही आणू नको!" मजूर कामं थांबवून बघायला लागले. मी तर रडलेच, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

पल्लवी आली. मुलगी झाली. त्याच सुमारास माझी चोपड्यातली वर्षं संपली. मुलाने धुळ्यात घर घेतलं होतं, आम्ही तिकडे राहायला जायचं ठरलं. निघायच्या दिवशी सकाळी मी निरोप घ्यायला शेजारी गेले तेव्हा बाळाची अंघोळ नुकतीच आटोपलेली. घरभर धुरीचा वास. न्हाणीघरापासून खोलीपर्यंत पाणीच पाणी, आणि सर पोतेरं घेऊन ते पुसत होते. आतून वहिनींचा आवाज, "अहो, नीट पुसा, पोर घसरंन माझी!" आता पल्लवी घसरेल की पंधरा दिवसांचं बाळ घसरेल, ते सरांनी विचारलं नाही. पुन्हा पुसायला लागले. मला बघून म्हणाले, "या, ताई. सध्या हाच तास आहे आपल्याला." इतकं खूश मी त्यांना शाळेतही कधी पाहिलं नव्हतं.

आत वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाळ दुपट्यात गुंडाळलेलं, वहिनींच्या छातीवर डाव्या बाजूला गाल टेकून गाढ झोपलेलं. तोंड किंचित उघडं. मी बसले. वहिनींनी माझी नजर कुठे आहे ते पाहिलं. शस्त्रक्रियेनंतर त्या बाजूवरून पदर सारखा ओढून घ्यायच्या त्या, मला ठाऊक होतं. त्या दिवशी पदर खांद्यावरून कुठेतरी खाली गेला होता आणि त्यांना त्याचं भानही नव्हतं.

मी म्हटलं, "वहिनी, हात अवघडेल. इकडे उजवीकडे घ्या तिला."

"नको," त्या बाळाच्या टाळूवर ओठ टेकवून हळूच म्हणाल्या. "तिकडे घेतली का चुळबुळ करते. हे इकडे सपाट आहे ना, डोकं बरं बसते तिचं."

दारात पोतेरं हातात धरून सर उभे होते. त्यातलं पाणी पुन्हा फरशीवर गळत होतं.